गेटवर, गेटपाशी की गेटमध्ये? ठिकाण सांगताना इन, ऑन आणि ॲट कसं निवडायचं

हिंजवडीतल्या एका कंपनीत फॅसिलिटी डेस्कचं काम बघणाऱ्या ताईंनी विचारलंय. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: ‘माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. कामावर दिवसभर इंग्रजीत मेसेज टाकावे लागतात. "द व्हिजिटर इज ऑन द गेट" असं लिहिलं तर साहेबांनी ऑन खोडून ॲट केलं. मग मी सगळीकडेच ॲट लावायला लागले, तर "ॲट थर्ड फ्लोअर" चुकलं आणि "लीकेज ॲट द सीलिंग" पण चुकलं. शाळेत शिकवलं होतं की मोठ्या जागेला इन आणि छोट्या जागेला ॲट. त्या हिशोबानं काहीच जुळत नाही. नेमका नियम काय? पाठ करायला यादी मिळेल का?’

ताई, तुमच्या साहेबांनी केलेल्या तिन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत आणि तुमचा गोंधळही अगदी खरा आहे. यादी मात्र मी देत नाही. गेली बावीस वर्षं सदाशिव पेठेत मी नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. येणाऱ्या बऱ्याच जणांच्या वहीत अशी यादी आधीच असते: गेटला ॲट, मजल्याला ऑन, खोलीला इन. चार दिवस ती उपयोगी पडते. पाचव्या दिवशी तेच गेट दुसरा शब्द मागतं, आणि माणसाला वाटतं की इंग्रजीला काही धरबंधच नाही. धरबंध आहे. फक्त तो जागेच्या नावात नाही.

एकच दरवाजा जवळ जाऊन बघू. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा तुम्ही पाहिलाच असेल. पहारेकरी तिथे उभा असतो: ‘द गार्ड इज ॲट द गेट.’ हत्तीनं धडक देऊ नये म्हणून दरवाज्याच्या कवाडांवर मोठमोठे अणकुचीदार खिळे ठोकलेत: ‘द स्पाइक्स आर ऑन द गेट.’ आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी त्याच भल्यामोठ्या कवाडात माणूस जाईल एवढी छोटी दिंडी आहे: ‘देअर इज अ स्मॉल डोअर इन द गेट.’ दरवाजा एकच, त्याचा आकार तसूभरही बदलला नाही, तरी तिन्ही शब्द आले आणि तिन्ही बरोबर आहेत. बदलली ती आपली नजर. पहारेकऱ्याचा पत्ता सांगताना दरवाजा म्हणजे नुसता एक ठिपका, त्याला जाडी-रुंदी काही नाही. खिळ्यांच्या वेळी तो पृष्ठभाग झाला, कारण खिळे त्याला वरून टेकलेत. दिंडीच्या वेळी तो जाड लाकडी वस्तू झाला, जिच्या अंगात काहीतरी बसवता येतं.

म्हणून ‘गेटला काय लागतं?’ हा प्रश्नच सोडून द्या. ‘मी आत्ता या गेटकडे ठिपका म्हणून बघतेय, पृष्ठभाग म्हणून, की आतबाहेर असलेली वस्तू म्हणून?’ असं स्वतःला विचारा. ठिपका असेल तर ॲट, पृष्ठभाग किंवा रेघ असेल तर ऑन, आत असेल तर इन.

ही नजर तुमच्याकडे आधीपासून आहे, ती शिकायची नाही. स्वयंपाकघरात बघा. पोळी तव्यावर असते, भाजी कढईत असते आणि आई ओट्यापाशी उभी असते. ‘तव्यात पोळी टाक’ असं तुम्ही म्हणत नाही, ‘कढईवर भाजी’ म्हणत नाही, आणि आई ओट्यावर असेल तर ती ओट्यावर चढलेली असते. तव्यावर म्हणजे ऑन, कढईत म्हणजे इन, ओट्यापाशी म्हणजे ॲट. आरामखुर्चीत बसतो पण स्टुलावर बसतो, इंग्रजीतही आरामखुर्चीला इन आणि स्टुलाला ऑन. खोलीच्या कोपऱ्यात झाडू आणि गल्लीच्या कोपऱ्यावर वाणी, तिथेही इंग्रजी खोलीच्या कोपऱ्याला इन म्हणतं आणि गल्लीच्या कोपऱ्याला ऑन किंवा ॲट.

मग आपण अडखळतो कुठे? माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त चुकांचं मूळ एका ‘वर’मध्ये असतं. रोजच्या बोलण्यात आपण ‘पाशी’ जवळजवळ सोडून दिलंय आणि त्याचं काम ‘वर’ला दिलंय. गेटवर, स्टॉपवर, स्टेशनवर, रिसेप्शनवर, डेस्कवर, सिग्नलवर. यातल्या एकाही ठिकाणी आपण कशाच्या वर चढलेलो नसतो. मराठीत ते बरोबरच आहे, ऐकणाऱ्याला कळतं. पण इंग्रजीत ‘वर’चं सरळ ऑन केलं की चित्र बदलतं. ‘आय ॲम ऑन माय डेस्क’ हे वाक्य मी दर बॅचला ऐकते. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात माणूस टेबलावर बसलेला दिसतो.

यासाठी मी वर्गात एक ताळा करायला लावते. वाक्यात ‘वर’ आला की तो काढून ‘पाशी’ घालून बघायचा. अर्थ तसाच राहिला तर ॲट. ‘पाहुणे गेटवर आहेत’, ‘पाहुणे गेटपाशी आहेत’: तेच चित्र, म्हणून ॲट. ‘मी स्टॉपवर उभी आहे’, ‘स्टॉपपाशी उभी आहे’: ॲट. ‘मी डेस्कवर आहे’, ‘डेस्कपाशी आहे’: ॲट. आता ‘फाइल डेस्कवर आहे’ घ्या. ‘फाइल डेस्कपाशी आहे’ म्हटलं तर फाइल जमिनीवर पडली की काय असं वाटतं. अर्थ हलला, म्हणजे तो ‘वर’ खरा होता, तिथे ऑन. ‘तिसऱ्या मजल्यावर’चं ‘तिसऱ्या मजल्यापाशी’ केलं की माणूस जिन्यात अडकल्यासारखा वाटतो. म्हणून ‘ऑन द थर्ड फ्लोअर’, मग मजला दहा हजार फुटांचा असो नाहीतर पाचशे. फ्लोअर या शब्दाचा मूळ अर्थच पायाखालची जमीन.

हा ताळा सगळीकडे चालत नाही, हेही सांगते. ‘पाशी’मध्ये थोडं ‘जवळ’ मिसळलेलं असतं, त्यामुळे ‘खिडकीपाशी’ला ॲटही चालतं आणि बायही चालतं. शिवाय घरी, माहेरी, दारी अशा शब्दांना ‘पाशी’ लावताच येत नाही. शाळेत सप्तमीचे प्रत्यय ‘त, ई, आ’ असे घोकले होते ना, त्यातला हा ‘ई’. तो दिसला की बहुतेक वेळा ॲट: घरी म्हणजे ‘ॲट होम’. घरात म्हटलं की मात्र ‘इन द हाउस’. ‘बाबा घरी आहेत’ आणि ‘घरात पाणी शिरलंय’ या दोन वाक्यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवला नाही, तरी तुम्ही तो कधी चुकत नाही.

दुसरा घोळ ‘ला’चा. पुण्यात आपण सगळंच ‘ला’नं सांगतो: स्वारगेटला आहे, कोथरूडला राहते, लक्ष्मी रोडला भेटू, ऑफिसला आहे. इथे वाक्य एकदा फोडून बघावं लागतं. ‘स्वारगेटला आहे, पाच मिनिटांत पोचते’ यात स्वारगेट हा वाटेवरचा ठिपका आहे, म्हणून ॲट. ‘कोथरूडला राहते’ म्हणजे कोथरूडमध्ये राहते, म्हणून इन. ‘लक्ष्मी रोडला’ म्हणजे त्या रस्त्याच्या रेघेवर कुठेतरी, म्हणून ऑन. लिहिताना ‘ला’च्या जागी मनातल्या मनात पाशी, मध्ये आणि वर हे तिन्ही घालून बघा. एक आपोआप बसतो.

आता शाळेतला मोठ्या-छोट्या जागेचा नियम. तो कुणी उगाच सांगितला नाही. मोठ्या जागेत आपण बहुधा आत वावरत असतो आणि छोटी जागा बहुधा वाटेवरचा ठिपका असते, म्हणून तो पुष्कळदा खरा ठरतो. पण मापाचा इथे काही संबंध नाही. काडी एवढ्याशा काडेपेटीत असते आणि तिथे इनच लागतं. आणि डेक्कन क्वीन घ्या. १९३० पासून ती पुणे-मुंबई धावतेय. ती लोणावळ्याला थांबते तेव्हा ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट लोणावळा’, पण तुमच्या मावशीचं घर तिथे असेल तर ‘हर हाउस इज इन लोणावळा’. गाडीच्या दृष्टीनं गाव म्हणजे वेळापत्रकातली एक ओळ, मावशीच्या दृष्टीनं गाव म्हणजे गल्ल्या, बाजार, शेजारी. पुण्यासारखं मोठं शहरही दक्षिणेकडून मुंबईला जाणाऱ्या गाडीसाठी ठिपकाच असतं: ‘इट स्टॉप्स ॲट पुणे.’ तुम्ही खेड्यात राहत असाल तर बिनधास्त ‘आय लिव्ह इन’ म्हणा. खेडं लहान आहे म्हणून तिथे ॲट घालायची गरज नाही.

गाडीवरून आठवलं. ‘बसमध्ये आहे’ हे ऐकून सगळे ‘इन द बस’ लिहितात. ज्या वाहनात उभं राहता येतं, चालता येतं, जे ठरलेल्या मार्गानं लोकांना नेतं, त्याला इंग्रजी ऑन म्हणतं: बस, ट्रेन, मेट्रो, विमान. कार, टॅक्सी, रिक्षा यांत आपण अंग चोरून आत शिरतो, म्हणून इन. स्कूटर, सायकल, घोडा यांच्यावर बसतो, म्हणून पुन्हा ऑन. ‘बसमध्ये फार उकडतंय’ असं सांगताना बसचं आतलं पोट मनात असतं, तिथे ‘इन द बस’ अगदी योग्य. आणि डेक्कन क्वीनमधून साहेबांना मेसेज करायचा असेल तर ‘आय ॲम ऑन द ट्रेन, इन द डायनिंग कार’. गाडीला ऑन आणि तिच्यातल्या डब्याला इन, एकाच वाक्यात.

कुठलं इंग्रजी वापरताय, यावरही थोडं अवलंबून आहे. रस्त्याच्या बाबतीत अमेरिकन माणूस ऑन म्हणतो. ब्रिटिश लेखनात स्ट्रीटला ‘इन द स्ट्रीट’ असंही दिसेल, कारण दोन्ही बाजूंच्या घरांमधली जागा त्यांच्या नजरेला पोकळी वाटते. पुण्यात तुम्ही ऑन धरून चाला: ‘एस. पी. कॉलेज इज ऑन टिळक रोड, इन सदाशिव पेठ.’ घर नंबरासकट पूर्ण पत्ता आला की ॲट. हॉस्पिटलच्या बाबतीत मात्र जपा. ‘आय ॲम इन हॉस्पिटल’ याचा ब्रिटिश अर्थ मी स्वतः ॲडमिट आहे. अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’चाही बहुधा तोच. माझ्या एका विद्यार्थ्यानं आईला भेटायला गेलेला असताना हे वाक्य मॅनेजरला पाठवलं. तिकडून काळजीचे फोन सुरू झाले आणि दोन दिवसांची मीटिंग पुढे ढकलली गेली. भेटायला गेला असाल तर ‘ॲट द हॉस्पिटल’.

गडाचंही असंच. आपण सिंहगडावर जातो, कारण आपल्या मनात गड म्हणजे डोंगरच. इंग्रजीतला फोर्ट म्हणजे तटबंदी, म्हणून ‘ॲट द फोर्ट’ किंवा तटाच्या आत असाल तर ‘इन द फोर्ट’. डोंगर म्हणायचा असेल तर ‘ऑन द हिल’. पायथ्याशी थांबलेल्या मित्रासाठी ‘ॲट द फूट ऑफ द हिल’. पायथ्याशी मधला ‘शी’ हा ‘पाशी’चाच सोबती.

‘वर’मध्ये आणखी एक गोष्ट लपलेली असते. टेकलेलं असेल तर ऑन, न टेकता वरून जात असेल किंवा झाकत असेल तर ओव्हर. लकडी पूल मुठेवर आहे: ‘द ब्रिज इज ओव्हर द रिव्हर.’ आपण पुलावर उभे असतो: ‘ऑन द ब्रिज.’ आता त्या पुलाच्या वरून मेट्रो जाते: ‘द मेट्रो पासेस ओव्हर द ब्रिज.’ आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुलाच्या वरून पाणी गेलं: त्या दिवशी ‘द रिव्हर वॉज ओव्हर द ब्रिज’. ज्यांच्या घरात त्या पुराच्या आठवणी सांगितल्या जातात, त्यांना हे वाक्य एकदा सांगितलं की ऑन आणि ओव्हर पुन्हा समजावावे लागत नाहीत.

तुमच्या छताकडे येते, कारण तुमच्या कामात हेच रोज लागणार. भिंत घ्या. भिंतीवर पाल: ‘ऑन द वॉल.’ भिंतीला तडा: ‘अ क्रॅक इन द वॉल’, कारण तडा भिंतीच्या अंगात गेलाय. भिंतीला शिडी टेकवलीय: ‘अगेन्स्ट द वॉल.’ भिंतीपाशी खुर्ची: ‘बाय द वॉल.’ मराठीत तडा आणि शिडी दोघांनाही ‘भिंतीला’ चाललं. इंग्रजीत नाही चालत. छताचं तसंच. ओलीचा डाग वरवर दिसतो, म्हणून ‘अ डॅम्प पॅच ऑन द सीलिंग’. गळती म्हणजे छतातच भोक किंवा फट, म्हणून ‘अ लीक इन द सीलिंग’. पाणी ठिबकत असेल तर ‘वॉटर इज ड्रिपिंग फ्रॉम द सीलिंग’. हा फरक फक्त व्याकरणाचा नाही. ऑन वाचणारा माणूस रंगाऱ्याला बोलावेल, इन वाचणारा प्लंबरला.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या कामात पाहुण्यांच्या गाड्या येतात म्हणून सांगतेच. ‘समोर’ या शब्दापासून सावध राहा. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत मी शिकवायला जायचे. तिथून परदेशी पाहुण्याला मेसेज गेला, ‘युवर कार इज इन फ्रंट ऑफ द हॉटेल’. मराठी मनात ते बरोबरच होतं, गाडी हॉटेलच्या समोर होती. म्हणजे रस्त्याच्या पलीकडे. पाहुणा बॅगा घेऊन पोर्चमध्ये उभा राहिला, ड्रायव्हर पलीकडे वाट बघत राहिला, मधून वाहनांची रांग. वयस्कर गृहस्थ होते, बराच वेळ उन्हात तिष्ठले. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण ‘समोर’ मी त्या बॅचला शिकवलाच नव्हता. तेव्हापासून पहिल्या आठवड्यातच शिकवते. ‘समोर’चे आधी दोन भाग करा. पुढ्यात असेल, रस्त्याच्या याच बाजूला, तर ‘इन फ्रंट ऑफ’. पलीकडे, समोरासमोर असेल तर ‘ऑपॉझिट’. अमेरिकन पाहुणा असेल तर ‘अक्रॉस फ्रॉम’. ऑपॉझिट नंतर ‘टू’ लागत नाही: ‘ऑपॉझिट द बँक.’

त्याच जातीचा शब्द म्हणजे आपल्याकडचा लाडका ‘बॅकसाइड’. इमारतीच्या मागे, बाहेर असेल तर सरळ ‘बिहाइंड द बिल्डिंग’. सभागृहात मागच्या बाजूला बसायचं असेल तर ‘ॲट द बॅक ऑफ द हॉल’. शेजारी म्हणायचं असेल तर ‘नेक्स्ट टू’ लिहा, ते सगळ्यात सुरक्षित. पाताळेश्वर जंगली महाराज मंदिराच्या ‘नेक्स्ट टू’ आहे. ‘बिसाइड’ही बरोबर, पण त्याला स चिकटून ‘बिसाइड्स’ झालं की अर्थ ‘शिवाय’ होतो, आणि ही चूक फार होते. आणि ‘नियरबाय द टेम्पल’ नको, ‘नियर द टेम्पल’ पुरतं.

इन आणि ॲट दोन्ही बरोबर असतील तेव्हा काय करायचं, याला माझं उत्तर असं: मेसेज वाचून कुणाला तिथे जायचंय का, ते बघा. नुसतं कळवायचं असेल तर ॲट पुरे. ‘ही इज ॲट द ऑफिस’ म्हणजे तो ऑफिसच्या ठिकाणी आहे, आत की पार्किंगमध्ये ते ॲट सांगत नाही. पण टेक्निशियनला पाठवायचं असेल, सिक्युरिटीला माणूस शोधायचा असेल, तर ॲट अपुरा पडतो. तिथे इन आणि ऑन वापरून माणसाला जागेपर्यंत न्या, मोठ्या जागेपासून छोटीकडे किंवा उलट, पण मधली पायरी न गाळता.

त्या हिशोबानं तुमचे तीन मेसेज मी असे लिहीन. पहिला: ‘द व्हिजिटर इज ॲट गेट टू.’ दुसरा: ‘द ट्रेनिंग रूम इज ऑन द थर्ड फ्लोअर, नेक्स्ट टू द लिफ्ट.’ तिसरा: ‘देअर इज अ लीक इन द सीलिंग ऑफ द पँट्री, ऑन द थर्ड फ्लोअर. वॉटर इज ड्रिपिंग ऑन द काउंटर, इन द कॉर्नर.’ तिसऱ्यात कोपरा काउंटरच्या कडेचा असेल तर शेवटचं ‘इन’ काढून ‘ॲट’ करा. ते मला इथून दिसत नाही, तुम्ही तिथे उभ्या राहून बघा.